ताटातून गेलेली ज्वारी



आहार आणि पर्यावरण असा विषय निघाला की बोलणं फार लवकर दूर निघून जातं. ॲमेझॉनचं जंगल, युरोपातले गायींचे गोठे, अमेरिकेतला बर्गर. ते सगळं खरं आहे, पण पुसदच्या माणसाच्या रोजच्या ताटात तो बर्गर नाही. तिथे गव्हाची पोळी आहे, रेशनचा तांदूळ आहे, तुरीचं वरण आहे आणि पिशवीतल्या तेलावर परतलेली भाजी आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच घरांत पोळी सणावाराची होती आणि रोजची भाकर ज्वारीची होती. ती भाकर ताटातून कशी गेली, तिच्याबरोबर शिवारातून काय काय गेलं आणि त्यातलं किती परत आणता येईल, एवढंच आज इथे मांडायचं आहे.

हा प्रश्न पुसदमध्येच विचारावा असा आहे, कारण महाराष्ट्राचं ताट बदलणारा माणूस इथला. वसंतराव नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. वकिली त्यांनी पुसदमध्येच केली. १९६३ ते १९७५ एवढा दीर्घ काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांचा जन्मदिवस आज राज्यभर कृषी दिन म्हणून पाळला जातो. तो काळ आठवला पाहिजे. साठच्या दशकात राज्यात धान्य पुरत नव्हतं. अमेरिकेहून येणारी तांबडी मिलो ज्वारी लोकांनी रांगा लावून नेली आणि नाइलाजाने खाल्ली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर फाशी घेईन, असं नाईकसाहेबांनी १९६५ साली पुण्यातल्या सभेत जाहीर केल्याची आठवण अजून सांगितली जाते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, खडी फोडणारे हात आणि दुष्काळी कामांवरची सुकडी आली. त्याच वर्षांत रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या अवघ्या चार वर्षांतली आहेत.

त्या धडपडीच्या मध्यभागी होती ती संकरित ज्वारी. सीएसएच-१ हे देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण १९६४ साली आलं. बुटकं, लवकर येणारं आणि गावरान ज्वारीच्या कितीतरी पट उतारा देणारं. विदर्भातल्या शेतकऱ्याने ते हायब्रीड म्हणून घरात घेतलं. लोकांना पोटभर मिळालं ते त्यामुळे. आज पर्यावरणाच्या नावाखाली त्या निर्णयाला नावं ठेवणं हा भुकेल्या माणसाचा अपमान होईल. मात्र त्या निर्णयाचं पुढे काय झालं, हे निर्भीडपणे पाहायला हवं.

जुनी खरीप ज्वारी उंच असायची, माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. दिवस लहान होऊ लागले की तिला कणीस धरायचं कळायचं, मग पेरणी आठ दिवस मागेपुढे झाली तरी दाणा भरायचा तो पाऊस उघडल्यावर. संकरित ज्वारी दिवसांची वाट पाहत नाही. शंभर-एकशे दहा दिवसांत ती तयार, म्हणजे नेमकी परतीच्या पावसात उभी. कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही आणि तिची भाकर घरातल्यालाच नको. ज्या ज्वारीने पोट भरलं तिचीच ताटातली पत अशी उतरत गेली. नंतर चांगली वाणं आली, पण तोवर घरातल्या पोरांच्या जिभेला पोळीची सवय लागली होती.

मग सोयाबीन आलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून विदर्भाच्या काळ्या जमिनीत ते पसरत गेलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती, मळणीयंत्रातून थेट पोत्यात, पोत्यातून थेट बाजार समितीत, आणि मागून हरभऱ्याला रान मोकळं. दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देणारं दुसरं पीक इथे नव्हतं. शेतकऱ्याने जे केलं ते त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं. पण आकडे पाहा. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होतं. आता ते तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली आलं आहे, आणि त्यातही उरली ती मुख्यतः सोलापूर, नगर, मराठवाड्याकडची रब्बी ज्वारी. विदर्भातली खरीप ज्वारी जवळजवळ पुसली गेली. सोयाबीन मात्र राज्यात ५० लाख हेक्टरांच्या घरात पोचलं.

या एका बदलाने शिवारातून काय गेलं, ते शेताच्या बांधावर उभं राहून पाहावं लागतं. मृगाच्या पावसावर ज्वारी पेरताना तिफणीच्या मागे सरतं धरून मुगाचे, उडदाचे, तुरीचे तास पडायचे. कडेला अंबाडी, कुठे तिळाची ओळ, कुठे बरबटी. पोळ्याच्या सुमारास मूग निघायचा. श्रावणात अंबाडीचा पाला भाजीला, आणि तिच्याच वाखाचे दोर बैलांना. दिवाळीनंतर ज्वारीची सोंगणी, खळं, आणि घरामागे कडब्याची गंजी. तूर उभीच असायची, ती संक्रांतीच्या मागेपुढे निघायची. तिच्या तुराट्या चुलीला. एका वावरातून सात-आठ गोष्टी निघायच्या, आणि एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला तर त्यातल्या दोन-तीन तरी हाती लागायच्या. त्या शेतात पाखरं होती, कारण त्यांनाही तिथे खायला होतं. गुरं होती, कारण कडबा होता. शेणखत होतं, कारण गुरं होती.

सोयाबीन हेही शेंगवर्गीय पीक आहे, जमिनीत नत्र तेही धरतं. दोष त्या पिकाचा नाही. अडचण अशी की सगळं शिवार एकाच पिकाचं झालं आणि त्यातलं काहीच थेट घरच्या ताटात उतरत नाही. दाण्यात जेमतेम १८ टक्के तेल. बाकीची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने विदर्भातली सोयाबीनची शेतं पिवळी पडली तेव्हा दुसरं काही हाताशी नव्हतं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात कित्येक दिवस त्याहून पाच-सातशे रुपये कमीने माल विकावा लागला. म्हणजे रोख पैशाचं आश्वासनही डळमळलं. पुसदलगतच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवलं, आणि त्या दिवशी दरवर्षी राज्यात अनेक जण अन्नत्याग करतात. ज्या जिल्ह्याला ही आठवण आहे, तिथे ताटाचा पर्यावरणविचार शेतकऱ्याच्या भावापासून सुटा करून मांडताच येत नाही.

आता रेशनकडे वळू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा उल्लेख आहे, आणि त्याचा दर किलोला एक रुपया असा गहू-तांदळाहूनही कमी लिहिलेला होता. जानेवारी २०२३ पासून तर या कायद्याखालचं धान्य फुकट झालं. पण कागदावरचं भरडधान्य दुकानात फारसं दिसलं नाही. आला तो गहू आणि तांदूळ. त्यातला मोठा वाटा पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथून येतो. पंजाबात भूजलाचा उपसा वर्षाला मुरणाऱ्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक आहे, हे केंद्रीय भूजल मंडळाचेच अहवाल सांगतात. भाताच्या तुंबलेल्या खाचरांतून मिथेन निघतो, आणि युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. खरीप ज्वारीला मात्र पुसद तालुक्यात विहिरीचं एक थेंब पाणी लागत नाही. पावसावर येते ती. इथे जागतिक तक्त्यांपासून सावध राहायला हवं. एक किलो धान्याला इतके लिटर पाणी, असे आकडे वर्तमानपत्रांत येतात तेव्हा त्यांत कमी उताऱ्याची कोरडवाहू ज्वारी उगीचच पाणीखाऊ ठरते. आभाळातून पडलेलं पाणी आणि सहाशे फुटांवरून उपसलेलं पाणी एकाच मापात घातलं की असं होतं.

जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश वायू अन्नव्यवस्थेतून निघतात, असं २०२१ साली ‘नेचर फूड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. २०१९ च्या ईट-लॅन्सेट आयोगाने पृथ्वीला झेपेल असं ताट सुचवलं. त्यात अख्खी धान्यं, डाळी, तेलबिया, भाज्या जास्त आणि मांस थोडं. ज्वारीची भाकर, तुरीचं किंवा मुगाचं वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि कधीतरी रविवारी बोकडाचं मटण, हे वऱ्हाडी ताट त्या सूचनेपासून फार दूर नाही. मांसाबद्दल इथे एक स्पष्ट सांगायला हवं. भारतीय माणसाचा मांसाहार जगाच्या मानाने मुळातच तोकडा आहे. बंजारा तांड्यावरच्या किंवा आदिवासी पाड्यावरच्या माणसाला पर्यावरणाच्या नावाने शाकाहाराचा उपदेश करण्यात काही अर्थ नाही. बांधावर चरणारी शेळी आणि उकिरड्यावर दाणे टिपणारी गावरान कोंबडी यांचा हिशेब मका-सोयापेंडीवर वाढलेल्या ब्रॉयलरपेक्षा वेगळाच आहे.

लांबून आलेलं अन्न वाईट आणि जवळचं चांगलं, हाही समज थोडा तपासायला हवा. याच भागातल्या बंजारा समाजाच्या पूर्वजांनी शतकानुशतकं धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर वाहिलं. १६३२ च्या सुमारास पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला वाटेत धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला होता, तसं त्याने लिहून ठेवलं आहे. दख्खनमधल्या फौजा या लमाणांच्या गोणींवर जगल्या. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या तेव्हा तो व्यवसाय मोडला. नाईकसाहेब त्याच समाजातून आले. धान्य हिंडतं तेव्हा दुष्काळी मुलूख जगतो, हे त्या समाजाला कुणी शिकवायला नको होतं. आजही अन्नातून होणाऱ्या उत्सर्जनात निव्वळ वाहतुकीचा वाटा बहुतेक अभ्यासांत दहा टक्क्यांच्या आतच निघतो. मोठा भार पडतो तो पीक काढण्याच्या रीतीचा. कुठून आलं याच्या आधी कसं पिकलं हे विचारायला हवं.

तेलाच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रश्न एकत्र येतात. आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामतेलाचा आहे. त्या लागवडीसाठी तिथली वर्षावनं आणि दलदलीची रानं तोडली, जाळली गेली. चौकातली भजी, पुड्यातलं फरसाण, बिस्किटं यांत ते तेल असतं. सोयाबीनच्या मुलखात राहूनही दुकानातलं सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं असू शकतं. रश्श्यावर लाल तर्री तरंगली पाहिजे ही वऱ्हाडातली आवड जुनी आहे. पण जुन्या घरात तेल घाण्यावरून मापून यायचं, तिळाचं, करडईचं, शेंगदाण्याचं. जवस तर विदर्भाचंच पीक, पाण्याविना रब्बीत येणारं. भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलेली जवसाची चटणी ताटात असली की तेलाची एक पळी सहज वाचते. इथल्या स्वयंपाकघरात आज संध्याकाळपासून करता येईल असा याहून सोपा बदल सापडणार नाही.

भाकरीचं तसं नाही. ती सोपी नाही, आणि हे प्रामाणिकपणे कबूल केल्याशिवाय ज्वारीवरचं कुठलंही भाषण पोकळ आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून पीठ परातीत तळहाताच्या गादीने मळावं लागतं, तेही एकावेळी एकाच भाकरीचं. मग कोरडं पीठ भुरभुरून ती थापायची, हलक्या हाताने फिरवत फिरवत, कड फाटू न देता. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी आरावर शेकून फुगवायची. पीठ जुनं असेल तर ती थापताना तुटते, म्हणून दळण थोडं-थोडं आणि वरचेवर. पाच माणसांच्या घरात हे रोज दोनदा करणारी बाई दिवसभर वावरात निंदणीला किंवा शहरात नोकरीला जात असेल, तर तिने पोळी-भाताकडे वळावं यात नवल काय? भाकर परत आणा असं सांगणाऱ्या पुरुषांनी आधी परातीसमोर बसायला शिकायला हवं. आणि दुसरी वाट सोलापूरने दाखवली आहे. तिथे बायकांनी कडक भाकरीचा धंदा उभा केला, पुड्यांत भरलेली भाकर दूरदूरच्या शहरांत जाते. कण्या, लाह्या, आंबील यांना तर थापावंही लागत नाही. ताकातल्या ज्वारीच्या कण्या शिजायला भाताइतक्याच सोप्या.

वावरातही अडचणी आहेतच. मळणी यंत्राने होते, पण कणसं खुडायला मजूर मिळत नाही. सगळ्या शिवारात एकट्याचीच ज्वारी असेल तर पंचक्रोशीतली पाखरं तिच्यावरच उतरतात, आणि रात्री रानडुकरं, रोही येतात. म्हणून एकट्या शेतकऱ्याने धाडस करून चालत नाही. दहा-वीस जणांनी सलग पट्टा पेरला तरच राखण परवडते. बियाण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त अधिक असलेलं वाण दिलं आहे. नाईकसाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातून ज्वारीचं नवं वाण यावं आणि त्यांच्याच तालुक्यात ज्वारी शोधावी लागावी, हे मनाला लागतं.

सरकारने ठरवलं तर काय होतं, ते ओडिशात दिसलं. तिथे २०१७ मध्ये मिलेट मिशन सुरू झालं. सरकारने आदिवासी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेतली, ती रेशनमध्ये दिली आणि अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू मिळू लागले. कर्नाटकात उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी दिली जाते. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, जुन्या मेदक जिल्ह्यातल्या दलित शेतकरी बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने पडीक जमिनी पेरत्या केल्या आणि गावातल्या गावात ज्वारीचं स्वतःचं रेशन चालवलं. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. त्या वर्षी शहरांतल्या हॉटेलांत ज्वारीचे केक झाले. पुसदच्या रेशन दुकानात मात्र गहू-तांदूळच येत राहिला आणि शाळेच्या पोषण आहारात तांदूळच शिजत राहिला.

वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न टाकून दिलं गेलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो. भारतीय घरांत हे प्रमाण माणशी वर्षाला ५५ किलोच्या आसपास निघतं. घरात इथली बाई शिळी भाकर कुस्करून फोडणीला टाकते, तिथे नासाडी फारशी नाही. नासाडी आहे ती मांडवात. पंगतीत वाढपी दोनदा विचारून वाढायचा. बुफेत माणूस एकदाच डोंगर रचतो. आणि ती पंगत पळसाच्या पानांच्या, काड्यांनी टाचलेल्या पत्रावळीवर बसायची. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, देशात १ जुलै २०२२ पासून. पुसदच्या भोवतालच्या डोंगरांत पळस अजून उदंड आहे, पत्रावळ्या लावणारे हात मात्र कामाविना आहेत. पावसाळ्यात त्याच डोंगरांतून तरोटा, करडू, कुंजर, काटेमाठ येतात. कृषी विभाग ऑगस्टात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. ते चांगलंच आहे, पण तरोट्याची भाजी दर आठवडी बाजारात मिळाली तर डोंगरातल्या बाईला वर्षातून एकदा फोटो आणि एरवी काहीच नाही, असं होणार नाही.

शेवटी एक हिशेब पुसदकरांपुढे ठेवायचा आहे. २०११ च्या जनगणनेत पुसद शहराची लोकसंख्या सुमारे ७३ हजार होती. त्या प्रत्येकाने एक दिवसाआड एक भाकर खाल्ली, आणि एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरलं, तर वर्षाला १३ हजार क्विंटलच्या थोडी वर ज्वारी लागेल. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर त्यासाठी साडेसोळाशे एकरांच्या आसपास रान पुरेल. एवढं रान पुसद तालुक्यात दोन-चार मोठ्या गावांच्या शिवारात मिळतं. शंभर पोरांच्या एका वसतिगृहाने वर्षातले दोनशे दिवस रोज एक भाकर ठेवली तर वीस क्विंटल, म्हणजे अडीच एकर. या गावात वसतिगृहं आहेत, आश्रमशाळा आहेत, मंगल कार्यालयं आहेत, बाजार समिती आहे. पेरणी जूनमध्ये होते. ज्वारी कोण घेणार आणि काय भावाने घेणार, हे वसतिगृहांनी आणि बाजार समितीने मे महिन्यात शेतकऱ्याला लेखी सांगितलं, तर तो बियाण्याच्या दुकानात सोयाबीनच्या थैलीशेजारी ज्वारीची थैलीही मागेल. सोबत मुगाचे आणि तुरीचे तास पडतील, आणि दिवाळीनंतर निघणारा कडबा तालुक्यातल्या गुरांना उन्हाळाभर पुरवता येईल.